दस्त्याकडून नळीकडे



पत्रिकेत माझ्या विषयाचं नाव लांबलचक छापलंय. ‘लांब पल्ल्याची रायफल : सुट्या भागांची निवड आणि जुळणी.’ नाव मीच दिलं होतं. पण टिपणं काढायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की मला सांगायचंय ते एकच आहे. रायफल घडवायची ती दस्त्याकडून नळीकडे. आपल्याकडे आणि जगातही बहुतेक जण ती नळीकडून दस्त्याकडे घडवतात. मी पंचवीस वर्षं लष्करात आर्मरर होतो. बिघडलेल्या बंदुका खूप पाहिल्या. पण माणसाला न बसणाऱ्या बंदुका त्याहून कितीतरी जास्त पाहिल्या.

अमेरिकेत किंवा स्कॉटलंडच्या डोंगरात हरणाच्या शिकारीला जाणारा हौशी माणूस रायफल जुळवून घेतो, त्याची यादी अशी असते. आधी काडतूस, मग नळी, मग दुर्बीण, मग चाप. आणि उरल्या पैशात दस्ता. काडतूस जोरदार, म्हणून धक्का मोठा. डोंगर चढायचा, म्हणून बंदूक हलकी. आता भौतिकशास्त्र असं, की काडतूस तेच ठेवून बंदुकीचं वजन निम्मं केलं तर खांद्यावर येणारी धक्क्याची ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. तो दुप्पट धक्का घेणार कोण? उरल्या पैशातला दस्ता! धक्का बसणार या भीतीनं माणूस चाप दाबण्याआधीच अंग चोरतो, आणि हजारो रुपयांची नळी वितभर बाजूला बार काढते.

(मागून कुणीतरी : ‘बिबट्याला कुठली घ्यायची तेवढं सांगा!’ हशा.)

हसू नका, प्रश्न खरा आहे. या कऱ्हाड तालुक्यात उसाला पाणी धरायला रात्री जाणाऱ्या माणसाला तो प्रश्न पडणारच. पण उत्तर स्पष्ट देतो. कुठलीही नाही. १९७२चा वन्यजीव कायदा तुम्हाला माहीत आहे, त्यात शिरत नाही. बिबट्याच्या बाबतीत एकच बंदूक कामाची, ती पशुवैद्यकाच्या हातातली, भुलीच्या सुईची. तीही कशी चालते बघा. जनावराचं वजन डोळ्यांनी अंदाजून औषधाची मात्रा ठरवायची, अंतर पाहून वायूचा दाब ठरवायचा. जवळून जास्त दाबानं मारली तर सुई हाड फोडते, आणि लांबून कमी दाबानं मारली तर ती पोचतच नाही. तिथंही आधी समोरचं शरीर मोजावं लागतं, दाबाची कळ त्यानंतर. माझं म्हणणं तेच आहे.

हे मला कुणी शिकवलं ते सांगतो. ही गोष्ट पाच मिनिटांत सांगायची असं ठरवून आलोय.

१९७४ साल. मी कॉलेजात, एनसीसीत. उंची पाच फूट तीन इंच, हात त्याहून आखूड. फायरिंगला आम्हाला थ्री-नॉट-थ्री दिली. पाच गोळ्या. पहिलीला दस्ता काखेतून सुटला आणि गालफडावर आदळला. दुसरीला डोळे मिटले. उरलेल्या तीन कुठं गेल्या ते त्या टेकडीलाच माहीत. कार्डावर भोक एकही नाही. अधिकारी म्हणाले, ‘याला जमणार नाही, याला परेडला ठेवा.’ त्या काळात असलं बोलणं माणूस आयुष्यभर खरं मानून चालायचा.

आमच्या तुकडीबरोबर लष्करातून आलेले एक हवालदार उस्ताद होते. संध्याकाळी सामान आवरताना त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, ‘हाताचा काटकोन कर.’ कोपराच्या आतल्या घडीपासून पहिल्या बोटाच्या मधल्या पेरापर्यंत दोरीनं माप घेतलं. मग माझी रायफल उलटी करून दस्त्याचं लाकूड दाखवलं. त्यावर एक इंग्रजी अक्षर ठोकलेलं होतं, एल. म्हणाले, ‘ही लंब्या माणसाची आहे बेटा. तू लंबा आहेस का?’

मंडळी, ली-एनफील्ड, म्हणजे तीच थ्री-नॉट-थ्री, ही लाखोंनी बनलेली, साहेबाच्या साच्यातली बंदूक. तरी तिचे दस्ते चार मापांत यायचे. नेहमीच्या मापावर अक्षर नसायचं. एल म्हणजे अर्धा इंच लांब, एस म्हणजे अर्धा इंच आखूड, आणि बी म्हणजे त्याहूनही अर्धा इंच आखूड. ज्या सैन्यात बूटसुद्धा पायापेक्षा मोठा निघायचा, त्या सैन्यानं दस्त्याची मात्र चार मापं ठेवली होती! का ठेवली असतील, याचा विचार आजही बंदूक विकत घेणारा करत नाही, याचं मला वाईट वाटतं.

उस्तादांनी दस्ता बदलला. तोही उगाच ओढून काढायचा नसतो. आधी पुढचं लाकूड काढायचं, मग दस्त्याच्या टोकाच्या झाकणातून लांब पेचकस घालून आतला बोल्ट सोडवायचा. पुढचं लाकूड न काढता बोल्ट फिरवला तर बोल्टाचं चौकोनी टोक ते लाकूड फाडतं. लष्करात गेल्यावर ही चूक करणारी पोरं मी रांगेनं पाहिली. दुसऱ्या दिवशी एस मापाच्या दस्त्यावर मी पाच गोळ्या झाडल्या. चार कार्डावर, त्यातल्या तीन एका तळहाताखाली झाकतील एवढ्यात. नळी तीच होती, माशी तीच, काडतुसं त्याच पेटीतली.

त्या एका संध्याकाळमुळं मी सैन्यात गेलो. बाकीचं राहू द्या.

(समोरून : ‘पण मुख्य कामगिरी नळीचीच ना?’)

समोर आमचे इंजिनिअर मित्र बसलेत. मला वाटलंच होतं की हे विचारणार. नळी वाईट असली तर काहीच चालत नाही, हे मी नाकारत नाही. नळी आणि गोळी यांचं नातं तर नवराबायकोचं. ऑलिम्पिकमधली पन्नास मीटरची पॉइंट टू-टू रायफल घ्या. तिची गोळी सेकंदाला सुमारे ३३० मीटरनं निघते. एका गोळीच्या वेगात दहा मीटरचा फरक पडला, तर पन्नास मीटरवर ती सुमारे सात मिलिमीटर वर किंवा खाली लागते. तिथलं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं. म्हणून नेमबाज काय करतात? एकाच कंपनीची, एकाच नावाची काडतुसं, पण वेगवेगळ्या घाण्यांची घेऊन रायफल व्हाइसमध्ये आवळतात आणि दहा-दहा गोळ्यांचे झुबके बघतात. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला एलीच्या कारखान्यात यासाठी खास बोगदे आहेत, जर्मनीत लापुआचे आहेत. एका नळीला जो घाणा आवडतो तो दुसरीला आवडत नाही. का, ते कारखानदारही छातीठोकपणे सांगत नाहीत. माणूस आपली रायफल घेऊन विमानानं तिथं जातो आणि हजारो गोळ्या एकाच घाण्याच्या विकत घेतो.

पण इंजिनिअर साहेब, तो झुबका व्हाइसचा असतो. व्हाइसला पदक मिळत नाही. (हशा, टाळ्या.) गोळी नळीच्या बाहेर पडायच्या आतच बंदूक मागे सरकायला लागलेली असते. त्या क्षणी गालाचा दाब, खांद्याचा दाब, तळहाताची पकड जशी असेल तशी नळी वळते. प्रत्येक गोळीला ते दाब तेच राहिले पाहिजेत, आणि ते तेच ठेवणारा भाग दस्ता आहे.

लाकडाबद्दल एक सांगतो. पावसाळ्यात आपल्या घरचा दरवाजा चौकटीत घट्ट बसतो ना? बंदुकीचं लाकूडही तसंच फुगतं. ते नळीला टेकलं की मे महिन्यात नीट लावलेली बंदूक जुलैत दुसरीकडे मारते. पाटणच्या बाजूला पाऊस कसा पडतो ते मी तुम्हाला सांगायला नको. म्हणून नळी आणि लाकूड यांच्यात कागद सरकेल एवढी फट ठेवतात, आणि आज स्पर्धेचे दस्ते बहुतेक अॅल्युमिनियमचे असतात. गालाची पट्टी वर-खाली, खांद्याची पट्टी मागे-पुढे आणि तिरपी, मुठीचा कोन वेगळा. गुडघ्यावर, झोपून, उभं राहून, तिन्ही आसनांची मापं निराळी. नेमबाजाच्या वहीत तिन्ही मापांचे आकडे लिहिलेले असतात.

आता राजेरजवाड्यांकडे येतो. १९०७च्या सुमारास इंग्रजांनी ४५० बोअरच्या रायफली आणि काडतुसं हिंदुस्थानात आणायला बंदी घातली. बंडखोरांच्या हाती असलेल्या जुन्या मार्टिनी-हेन्रीच्या काडतुसाची गोळी त्याच मापाची, ही भीती. लगेच लंडनच्या कारागिरांनी ४६५, ४७० अशी नवी काडतुसं काढली, आणि संस्थानिकांच्या जंगी दुनळ्या त्या मापांच्या झाल्या. काडतूस असं सरकारी हुकमानं बदललं. पण तेच कारागीर गिऱ्हाइकाचं माप कसं घ्यायचे माहीत आहे? त्यांच्याकडे एक ‘ट्राय गन’ असायची. बिजागऱ्या आणि स्क्रू असलेल्या दस्त्याची. गिऱ्हाइकानं ती खांद्याला लावायची, कारागीर लांबी, उतार, बाक फिरवत राहायचा, आणि आकडे वहीत उतरवून घ्यायचा. शिंपी शेरवानीचं माप घेतो तसंच. त्या आकड्यांवरून अक्रोडाचा ओंडका तासायचा.

कोल्हापूरच्या दरबाराची शिकार दाजीपूरच्या जंगलात चालायची, गव्यांच्या मुलखात. १९५८ साली तेच जंगल महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य झालं. दाजीपूर ज्या राधानगरी तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन आसनांच्या स्पर्धेत कांस्यपदक घेतलं. पात्रता फेरीत ६०० पैकी ५९०, अंतिम फेरीत ४५१.४. त्याआधी २०१० साली म्युनिकला कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत जगज्जेत्या झाल्या होत्या, झोपून मारायच्या पन्नास मीटरमध्ये, ६०० पैकी ५९७. एवढ्या एका टापूनं हे दिलं!

आणि कऱ्हाडात बसून हे बोलताना गोळेश्वरचं नाव घेतलं नाही तर मला घरी जाता येणार नाही. (टाळ्या.) महाराष्ट्राचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं, १९५२, हेलसिंकी. दुसरं स्वप्नीलचं, बहात्तर वर्षांनी. तुम्ही म्हणाल, कुस्तीचा आणि दस्त्याचा काय संबंध? मी म्हणतो, आहे. १९४८ला लंडनमध्ये खाशाबा सहावे आले. तांबड्या मातीत घडलेलं अंग, आणि खाली गादी. मातीत पाय रुततो, गादीवर तो परत उसळतो. ताकद तीच, डाव तेच, पण पायाखालचं निराळं. पुढची चार वर्षं त्यांनी आपलं अंग त्या गादीच्या मापानं बसवलं. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, हे इथल्या पोरांनासुद्धा पाठ आहे. मला त्यात नेहमी हेच दिसतं, की त्या माणसानं पैसे लावले ते खाशाबांकडे बघून. पदक मिळेल की नाही हा हिशेब त्यांनी मांडला नाही. आणि आज पालक माझ्याकडे येतात, मुलगा दहावीत, आणि विचारतात, ‘कुठल्या कंपनीची रायफल घेऊ?’ मुलगा बाहेर गाडीत बसलेला असतो. मी म्हणतो, त्याला आत तर आणा.

गेल्या वर्षी अशाच एका मुलीला, तेरा वर्षांची...

(संयोजकांकडून चिठ्ठी.)

दहा मिनिटं उरलीत म्हणतात. शेवटच्या एसटीवाल्यांचाही विचार केला पाहिजे. मग दुर्बिणीचं सगळं सोडतो, एकच सांगतो. दुर्बीण बसवायची ती गाल दस्त्यावर टेकलेला असताना डोळा जिथं येतो तिथं. मान उचलून दुर्बिणीत बघावं लागत असेल तर गालाची पट्टी वर घ्या, महागडी दुर्बीण घेऊ नका. चापाचं सांगतो. स्पर्धेच्या रायफलीत तो शंभर ग्रॅमच्याही आत ठेवतात, पण नवशिक्याला तसा देऊ नका, तो चाप त्याच्या हातात बसायच्या आधी सुटतो. लायसन्सचे प्रश्न आता घेत नाही. ते ज्याचे त्यानं कचेरीत विचारावेत.

त्या मुलीचं एवढंच, की तिच्यासाठी आम्ही दस्ता दोन बोटं आत घेतला, मुठीला लाकडाचा भुसा आणि एपॉक्सी लावून तिच्याच तळहाताचा ठसा घेतला, आणि कुणाची तरी जुनी नळी त्यावर बसवली. ती आज रोज साठ गोळ्या मारते आणि उठताना खांदा चोळत नाही.

ज्यांना घाई नाही त्यांनी मागच्या खोलीत थांबा. चहा आहे. माझ्या पिशवीत टेप आहे, आणि एक दस्ता आणलाय, स्क्रू फिरवून कमी-जास्त होणारा, नळी नसलेला. ज्या आईबापांनी पोरांना आणलंय त्यांनी पोरांना पुढं पाठवा. बाह्या वर करून, हाताचा काटकोन करून उभं राहायचं. लहानांना आधी घेतो.