इंग्रजींतील ‘अ’ आणि ‘ॲन’ : बीडच्या शाळेंतील एक प्रश्न

इंग्रजी भाषेंतील एक अगदीं लहान शब्द मराठी मुलाला फार त्रास देतो. ‘अ’ आणि त्याचें दुसरें रूप ‘ॲन’ यांना व्याकरणकार अनिश्चित उपपदें म्हणतात. हीं उपपदें मराठींत नाहींत. बैल, झाड, शाळा हीं नामें मराठी वाक्यांत उघड्या डोक्यानें फिरतात. इंग्रजींत मोजतां येणाऱ्या वस्तूचें एकवचनी नाम सहसा तसें फिरत नाहीं. जी गोष्ट स्वतःच्या भाषेंत नाहीं तिची उणीव मुलाला भासत नाहीं, म्हणून तो उपपद गाळतो; आणि शिक्षकानें चार वेळां टोकलें कीं भीतीनें नको तेथेंहि घालतो.

बीड जिल्ह्यांतील शाळांना इंग्रजी नवीन नाहीं. १९४८ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानांत होता व तेथील शिक्षणांत उर्दूचें प्राबल्य होतें. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यमहि उर्दूच होतें. मराठी घरांतील मुलगा उर्दूच्या वाटेनें इंग्रजीकडे जाई, आणि उर्दूंतहि असें उपपद नाहीं. पुढें १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला व १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें. २००० सालापासून राज्यांतील मराठी शाळांत पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी आलें. त्यामुळें पूर्वीं जाणत्या मुलापुढें येणारा हा प्रश्न आतां सहा वर्षांच्या बालकापुढें येतो.

ह्या जिल्ह्यांत त्याला आणखी एक बाजू आहे. दसरा-दिवाळीनंतर येथील हजारों कुटुंबें मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. मुलांसाठीं गांवोगांवीं हंगामी वसतिगृहें निघालीं आहेत. तरी कित्येक मुलें आईबापांबरोबर फडावर जातात. अशा मुलाजवळ तेथें वही असेलच असें नाहीं. पाठ केलेली यादी चार-पांच महिन्यांत विसरते. कानांत बसलेली गोष्ट टिकते. म्हणून उपपदें कोणत्या रीतीनें शिकवावीं हा प्रश्न येथें केवळ व्याकरणाचा राहत नाहीं.

चालू रीति अशी. इंग्रजी वर्णमालेंतील पांच स्वराक्षरें मुलाकडून घोकून घेतात, आणि शब्दाच्या आरंभीं त्यांपैकीं एखादें असल्यास ‘ॲन’, एरव्हीं ‘अ’, असें सांगतात. नियम फळ्यावर लिहून होतो न होतो तोंच अपवाद येऊं लागतात. ‘अंब्रेला’ व ‘युनिफॉर्म’ हे दोन्ही शब्द एकाच अक्षरानें सुरू होतात. पण एकामागें ‘ॲन’ लागतें, दुसऱ्यामागें ‘अ’. तास या अर्थाच्या ‘अवर’ शब्दाचें पहिलें अक्षर व्यंजनाचें असूनहि त्याला ‘ॲन’ हवें. ‘वन-रुपी नोट’ स्वराक्षरानें आरंभ होऊनहि ‘अ’ मागते. मूल यादी पाठ करतें, परीक्षेपुरती लिहितें, आणि इंग्रजी ही लहरी भाषा आहे असें मनाशीं ठरवून मोकळें होतें.

वस्तुतः येथें लहर मुळींच नाहीं. हा नियम कानाचा आहे. तो डोळ्याला शिकविल्यामुळें बिघडतो. पुढील शब्द उच्चारतांना पहिला ध्वनि स्वराचा असेल तर ‘ॲन’, व्यंजनाचा असेल तर ‘अ’, एवढाच तो आहे. हा भेद इंग्रज मुलाला त्याची लिपि दाखवीत नाहीं. मराठी मुलाला त्याची बाराखडी पहिल्याच वर्षीं शिकविते. अ, आ, इ, ई एका घरांत आणि क, ख, ग, घ दुसऱ्या घरांत, हें त्याला ठाऊक असतें. तेव्हां शिक्षकानें इंग्रजी शब्द देवनागरींत लिहवून घ्यावा. ‘युनिफॉर्म’ लिहितांना ‘य’ आला, ‘वन’ लिहितांना ‘व’ आला. दोन्ही व्यंजनें, म्हणून ‘अ’. ‘अवर’ लिहितांना ‘अ’ आला, ‘ऑनेस्ट’ लिहितांना ‘ऑ’ आला; दोन्ही स्वर, म्हणून ‘ॲन’. पुढें तेंच मूल ‘ॲन एम्. ए.’ व ‘अ बी. ए.’ हेंहि न सांगतां ओळखील. अपवादांची सारी यादी एका नियमांत विरघळून जाते.

उपपद नेहमीं लगतच्या शब्दाकडे पाहतें, ही दुसरी खूण. ती समजाविण्यास बीडच्या शिक्षकाला दूर जावें लागत नाहीं. बालाघाटाच्या डोंगरांतील सीताफळें प्रसिद्ध आहेत; बीडच्या सीताफळाला २०१६ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. सफरचंद म्हणजे ‘ॲन ॲपल’. सीताफळाला इंग्रजींत ‘कस्टर्ड ॲपल’ म्हणतात, तें मात्र ‘अ कस्टर्ड ॲपल’. ‘ॲपल’ जागचें हललें नाहीं. मध्यें ‘क’ येऊन उभा राहिला म्हणून उपपद बदललें.

इंग्रजांनीं स्वतः हा नियम कानानेंच घडविला. ‘ॲन’ हें जुनें रूप. त्याचा मूळ अर्थ ‘एक’. व्यंजनापुढें बोलतांना त्यांतील ‘न’ झिजून ‘अ’ उरला. कमरेला बांधण्याचा ‘एप्रन’ पूर्वीं ‘नेप्रन’ होता. ‘अ नेप्रन’ म्हणतां म्हणतां त्याचा ‘न’ उपपदाला चिकटला आणि लोक ‘ॲन एप्रन’ म्हणूं लागले. कान कसा ऐकतो त्यावर शब्दाचें रूपसुद्धां ठरलें.

येथें शिक्षकानें एका गोष्टीला जपलें पाहिजे. खेड्यांतील बोलींत ‘एक’चा उच्चार ‘येक’ होतो, ‘ऑफिस’चें ‘हापिस’ होतें, ‘स्टेशन’चें ‘इस्टेशन’ होतें. अंड्याला ‘येग’ म्हणणारा मुलगा ‘अ येग’ म्हणेल, आणि ‘इस्टेशन’ म्हणणारी मुलगी ‘ॲन इस्टेशन’ म्हणेल. वहीवर तांबडी रेघ ओढणें सोपें आहे. पण नीट ऐकणाऱ्या शिक्षकाला कळेल कीं मुलांनीं नियम अचूक चालविला आहे, चुकला आहे तो शब्दाचा उच्चार. तेथें उपपद दुरुस्त केलें तर मूल गोंधळतें; उच्चार दुरुस्त केला तर उपपद आपोआप सुधारतें.

‘अ’ कीं ‘ॲन’ हें सुटल्यावर, उपपद घालावें कीं घालूं नये, हा अधिक अवघड भाग उरतो. त्याचें बीज आजीच्या गोष्टींत आहे. ‘एक होता राजा’ असें ती म्हणते. पुढल्या वाक्यांत तो ‘तो राजा’ होतो. प्रथम भेटणाऱ्यास ‘एक’ आणि ओळख झालेल्यास ‘तो’, हें मुलाला न शिकवितां येतें. परंतु ‘एक’ म्हणजे ‘अ’ असें समीकरण मांडून शिक्षकानें थांबूं नये. ‘माझी बहीण डॉक्टर आहे’ ह्या वाक्यांत मराठीला ‘एक’ नको, इंग्रजीला ‘अ’ हवेंच. उलट पाणी, दूध, ज्वारी यांची रास असते, संख्या नसते. त्यांच्यामागें ‘अ’ लागत नाहीं, तें पेल्यामागें किंवा पोत्यामागें लागतें. हें समीकरण उलट्या दिशेनेंहि नुकसान करतें. प्रत्येक ‘अ’बद्दल ‘एक’ घालण्याची संवय लागली कीं ‘तो एक चांगला मुलगा आहे’ अशीं वाक्यें मराठींत शिरतात, आणि एका भाषेच्या शिकवणींत दुसरीचा ठसका जातो.

याला मोठें साहित्य लागत नाहीं. दररोज पांच मिनिटें फळ्याकडे पाठ करून मुलांनीं बसावें, शिक्षकानें वर्गांतल्या, घरांतल्या, शेतांतल्या वस्तूंचीं इंग्रजी नांवें स्पष्ट उच्चारावीं, आणि मुलांनीं योग्य उपपद लावून तीं परत द्यावीं. लिहिणें मागाहून यावें. हा खेळ वसतिगृहांत चालतो, तसा उसाच्या फडाकडे जाणाऱ्या गाडींतहि चालतो. मोठी बहीण धाकट्या भावाला तो शिकवूं शकते. चैत्रांत मूल शाळेंत परत येईल तेव्हां वही कदाचित् हरवलेली असेल, पण ‘अंब्रेला’ ऐकतांच त्याच्या तोंडीं ‘ॲन’ येईल.