पेशींचे थांबणे



भाजी चिरताना बोटाला विळी लागते. आठवड्याभरात जखम भरून येते आणि आपण ती विसरूनही जातो. ती भरली कोणी? कडेच्या पेशींनी. एकीच्या दोन, दोहोंच्या चार, असे करीत त्यांनी ती फट बुजविली. पण याहून मोठे नवल पुढेच आहे. फट बुजताच त्या थांबल्या! पेशींच्या वाढण्याइतकेच त्यांच्या या थांबण्यावर आपले जीवन अवलंबून आहे.

पेशी दुभंगते कशी, हे जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर फ्लेमिंग यांनी सॅलमँडर नावाच्या प्राण्याच्या पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले व १८८२ साली ग्रंथरूपाने मांडले. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. विभाजनापूर्वी त्या प्रत्येकाची नक्कल तयार होते. मग या जोडप्रती पेशीच्या मध्यभागी ओळीने येतात, बारीक तंतू त्यांना दोन टोकांकडे ओढून नेतात आणि पेशी कमरेशी आवळत जाऊन तिच्या दोन होतात.

कचेरीत मूळ कागदाशी रुजवात घेतल्यावाचून नक्कल बाहेर पडत नाही. येथेही तसेच आहे. नकलेत दोष राहिला, किंवा एखादे गुणसूत्र तंतूला नीट जोडले गेले नाही, तर पेशी वाटेतच थांबते. दोष दुरुस्त होण्याजोगा नसेल तर पुष्कळदा ती स्वतःचाच अंत करून घेते. तपासणीच्या या नाक्यांची कल्पना लीलंड हार्टवेल यांनी यीस्टच्या अभ्यासातून मांडली. पॉल नर्स व टिम हंट यांनी विभाजनाचे चक्र चालविणारे घटक शोधले. या तिघांस २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हे नाके मोडले म्हणजे काय होते? अमेरिकेत बाल्टिमोर येथे १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स ही पाच मुलांची आई कर्करोगाने वारली. तिच्या संमतीवाचून घेतलेल्या तिच्या अर्बुदाच्या पेशी प्रयोगशाळांतून आजही दुभंगत आहेत. उलट, माणसाच्या निरोगी पेशी काचपात्रात सुमारे ५० वेळा दुभंगून थांबतात, असे हेफ्लिक व मूरहेड यांना १९६१ साली आढळले. ज्या पेशींना थांबणे ठाऊक नव्हते त्या उरल्या. ती माउली मात्र गेली.

आपल्या अंगणातील सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टीन हे औषध मिळते. ते विभाजनाचे तंतू जुळूच देत नाही, म्हणून कर्करोगावर त्याचा उपयोग होतो. मात्र त्या झाडाची पाने घरी चावून खाणे विषारी आहे, हे विसरू नये. अशी औषधे वेगाने दुभंगणाऱ्या निरोगी पेशींनाही अडवितात, आणि केसांच्या मुळाशी अशाच पेशी असतात. तेव्हा उपचार घेणाऱ्या एखाद्याचे केस गळलेले दिसले, तर रोग बळावला असे समजून हळहळू नये. तेथे औषध आपले काम करीत असते. उपचार संपले की बहुधा त्या पेशी पुन्हा कामाला लागतात आणि केस पुन्हा येतात.