नगरसेवक आले, आता बसच्या तिकिटाचं विचारू या



१६ जानेवारीला पुणे महापालिकेचा निकाल लागला. कोण आलं, कोण पडलं, आपल्यातले किती निवडून आले, यावर तुम्ही सगळे भरपूर बोलला आहात. मला बोलायचं आहे बसच्या तिकिटाबद्दल.

प्रचारात दोन्ही राष्ट्रवादींनी पीएमपी आणि मेट्रोचा प्रवास मोफत करू असं जाहीर केलं होतं. भाजपने त्यावर टीका केली आणि बहुमतही भाजपला मिळालं. आता लोक म्हणतात, बघा, मतदारांनीच फुकट प्रवास नाकारला. मला हा अर्थ पटत नाही. सगळ्यांना मोफत देण्याची घोषणा हरली असेल, पण म्हाताऱ्या माणसांच्या सवलतीवर कोणी मत मागितलंच नव्हतं.

कोणती सवलत कोणाच्या हातात आहे, यात आपला फार गोंधळ होतो. एसटीत ६५ वर्षांवरच्यांना अर्धं तिकीट आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास, हे राज्य सरकारचं. रेल्वेत पुरुषांना ४० आणि स्त्रियांना ५० टक्के सवलत होती, ती मार्च २०२० मध्ये केंद्राने बंद केली. या दोन्हींसाठी नगरसेवकाला धरून उपयोग नाही. पीएमपी मात्र पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांची कंपनी आहे, तोटाही मुख्यतः याच दोघी भरतात. म्हणून कोंढव्याची खाला एसटीने सोलापूरला फुकट जाऊन येते आणि ससूनला जायला मात्र पैसे मोजते.

मार्च २०२२ ते या जानेवारीपर्यंत पुण्यात नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. त्याच काळात, जून २०२५ मध्ये, पीएमपीचं किमान तिकीट ५ रुपयांचं १० झालं. डिझेल महागलं, बस महागल्या, हे मला कळतं. भाडं वाढवूच नका असं मी म्हणणार नाही. पण तो निर्णय झाला तेव्हा सभागृहात उठून ‘म्हाताऱ्यांचं काय?’ असं विचारणारं निवडून आलेलं एकही माणूस नव्हतं. आता १६५ आहेत.

त्यांना काय विचारायचं? पीएमपीची ज्येष्ठांची सवलत मुख्यतः पासावर आहे. महिन्याचा पास रोज ये-जा करणाऱ्याच्या कामाचा. आपली म्हातारी माणसं महिन्यातून दोनदा दवाखान्यात, एकदा बँकेत, कधी मुलीकडे जातात. त्यांना पास परवडत नाही आणि सुट्या तिकिटाचे पैसे मात्र द्यावे लागतात. माझं मागणं एवढंच आहे की सवलत सुट्या तिकिटाला मिळावी. गर्दीची वेळ सोडून दिली तरी चालेल, दवाखान्यातून परतायला तसेही बारा वाजतात.

दुसरी गोष्ट वयाच्या पुराव्याची. आपल्या कितीतरी बायकांच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी आहे, आणि सालही नोंदणीच्या वेळी अंदाजाने घातलेलं. नातवंडांची लग्नं झालेली बाई कागदावर अठ्ठावन्नची निघते. हे मुसलमानांपुरतं नाही, शाळा न पाहिलेल्या कोणत्याही बाईचं असंच असतं. पण तारीख दुरुस्त करायला पुन्हा जन्माचाच दाखला मागतात. तेव्हा शिबिर मोहल्ल्यात भरवा, हेही नगरसेवकालाच सांगायचं आहे.

आपल्या प्रभागात नगरसेवक चार आहेत. एकाकडे गेलात की तो दुसऱ्याकडे बोट दाखवणार. म्हणून अर्जाच्या चार प्रती करू आणि चौघांकडून पोच घेऊ. त्यातला एक आपण मत न दिलेल्या पक्षाचा असेल, त्याच्याकडे तर आधी जाऊ. पीएमपीच्या संचालक मंडळावर दोन्ही शहरांचे महापौर असतात, पाचवी प्रत आपल्या महापौरांना. आणि हे अंदाजपत्रक मंजूर व्हायच्या आत झालं पाहिजे, नंतर पैसे नाहीत असंच उत्तर येतं.

मसुदा मी मराठीत लिहून आणला आहे, उर्दूत कोणीतरी उतरवून द्या. चहा झाला की वाचून दाखवते. ज्या खाला इथे बसल्या आहेत त्यांनी आपापले बसचे मार्ग सांगावेत, म्हणजे ते अर्जात घालता येतील.