हातात पेरू, तोंडात शब्द



मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, शिक्षक नाही. रविवारी अहिल्यानगरमध्ये आमच्या मोहल्ल्यातल्या लहान मुलांना इंग्रजी शब्द शिकवतो, एवढाच माझा अधिकार.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, मराठी शाळांत आणि उर्दू शाळांतही. तरी शब्दांची यादी पाठ असलेलं मूल ‘पुट द स्पून अंडर द प्लेट’ म्हटलं की आपल्या तोंडाकडे बघत राहतं. मराठीत आपण ‘ताटाखाली’ म्हणतो, घरात ‘प्लेट के नीचे’. दोन्हीकडे ‘खाली’ नंतर येतं, इंग्रजीत आधी. हे फळ्यावर समजावत बसू नका. चमचा, ताटली, रुमाल द्या. इन, ऑन, अंडर. आधी तुम्ही करून दाखवा, मग त्यांना करू द्या. बोलायची घाई नको. जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात हीच पद्धत मांडली: आधी ऐकून कृती, बोलणं मागून.

तक्त्यावर ‘एक्स फॉर झायलोफोन’ असतं. ते वाद्य इथे कुणी पाहिलंय? त्यापेक्षा राहात्याचा पेरू आणा. स्मेल, सीड, हार्ड, स्वीट, सॉफ्ट. ‘कट’ही शिकवा, सुरी मात्र तुमच्याच हातात. पुढच्या रविवारी कणकेचा गोळा: ‘सॉफ्ट’ परत येतो, सोबत प्रेस, पुल, रोल. जो शब्द दुसऱ्या वस्तूबरोबर परत भेटत नाही, तो महिन्याभरात विसरला जातो, असा माझा अनुभव आहे.

एका मुलाची अम्मी म्हणाली, “मेरेकू एबीसीडी भी नहीं आती, मैं क्या पढाऊं?” फी भरायला तिने काटकसर करायची आणि अभ्यासातून बाहेरही तिनेच राहायचं. काही मुलं दुसरीतच आईला ‘तुमकू नहीं समझता’ म्हणायला लागतात. इंग्रजी कच्चं राहण्यापेक्षा मला याची जास्त भीती वाटते. मी त्यांना सांगितलं, रोटी लाटताना त्याला एक गोळा द्या आणि विचारा, ‘इसकू क्या बोलते?’ आता तो सांगतो, त्या मुद्दाम चुकीचं म्हणतात, तो हसत दुरुस्त करतो. त्यांचेही वीसेक शब्द झालेत.

सावित्रीबाई फुले याच शहरात सिंथिया फरार यांच्याकडे अध्यापन शिकल्या. तेव्हा वर्ग घ्यायचा असेल, तर आधी दोन रविवार मुलांसोबत खाली बसून बघा. येताना घरातली एक वस्तू आणा, तुटली तरी चालेल अशी.