श्वानशिक्षण आणि अहिंसाणुव्रताचे अतिचार

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत हदगाव येथे केलेले भाषण)



जीवदयेच्या व्याख्यानास कुत्रा हा विषय घेतल्याचे काहींना नवल वाटेल. आपली जीवदया सहसा गाय आणि कबुतर यांच्यापुढे फारशी सरकत नाही. परंतु आपल्यापैकी अनेकांच्या गोदामात वा आखाड्यावर कुत्रा बांधलेला असतोच. रोही आणि रानडुकरांपासून पीक राखावयाचे तर त्याच्यावाचून चालत नाही. प्रश्न आहे तो त्याला शिकवावे कसे, हा.

आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले. करकचून बांधणे, मारणे, अवयव छेदणे, न झेपणारे ओझे लादणे आणि अन्नपाणी तोडणे. यांपैकी ओझे सोडले तर उरलेले चारही कुत्र्याच्या प्रचलित शिक्षणात जसेच्या तसे सापडतात. आखूड साखळी, काठी, तिखट व्हावा म्हणून कापलेले कान, आणि उपाशी ठेवणे. जीवंधरकुमाराने ज्या कुत्र्याच्या कानी णमोकार मंत्र घातला, तोही माणसांच्या मारानेच मरणपंथाला लागला होता, हे कथा ऐकताना आपल्या ध्यानात राहत नाही.

आता त्यात नवी साधने आली आहेत. एक विजेचा पट्टा. बटण दाबले की गळ्याला झटका बसतो. दुसरा आतून काटे असलेला. हिमालयातील गद्दी मेंढपाळही कुत्र्याला काटेरी पट्टा घालतात, पण त्याचे काटे बाहेर असतात, बिबट्याने नरडे धरू नये म्हणून. वेल्समध्ये विजेच्या पट्ट्यावर 2010 साली बंदी आली. आपल्याकडील 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 मध्ये विनाकारण मारणे, अवाजवी आखूड वा जड साखळीने दीर्घकाळ बांधणे आणि सतत बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणे, हे तिन्ही अपराध ठरविले आहेत.

बरे, माराने काम तरी साधते काय? झटका कशाबद्दल बसला हे कुत्र्याला उमगत नाही. त्या क्षणी समोर जे असेल त्याच्याशी तो वेदना जोडतो. समोर शेजारचे मूल असेल तर मुलाशी. गुरगुरल्याबद्दल मारले तर तो गुरगुरणे सोडतो, भय मात्र आत तसेच राहते. मग पूर्वसूचना न देता चावतो. लातूर जिल्ह्यातील जानवळचे कारवानी आणि पश्मी कुत्रे प्रसिद्ध आहेत. अशा शिकारी जातीची कुत्री मोठी हळवी असतात; मारकुट्या धन्यापासून ती मनाने दूर होतात.

सौम्य पद्धतीचे सूत्र आपणा व्यापाऱ्यांना चटकन कळेल. कुत्र्याला उधारी समजत नाही, त्याचा व्यवहार रोखीचा. हाकेसरशी आला की एकदोन सेकंदांत घास द्यावा आणि शाबासकीचा एकच ठरलेला शब्द उच्चारावा. अंगावर उडी मारली तर पाठ फिरवावी, चारही पाय जमिनीवर टेकले की घास. पाच मिनिटांचा पाठ दिवसातून दोनतीनदा पुरतो. घरातील प्रत्येकाने आज्ञेसाठी तोच शब्द वापरावा; आजोबांचे "बस" आणि नातवाचे "सिट" यांत बिचारा गोंधळतो.

येथे एक सावधानता हवी. घासाची ओढ वाढावी म्हणून काही शिक्षक कुत्र्याला उपाशी ठेवतात. तो अन्नपाननिरोधच झाला. रोजच्या आहारातील भाकरीचे बोराएवढे तुकडे बाजूला काढावेत, पनीर असल्यास उत्तम. मनुका व चॉकलेट कुत्र्याला अपायकारक आहेत. कांदा-लसूणही त्याला बाधतो, तेव्हा आपल्या स्वयंपाकघरात तेवढी एक काळजी कमी!

जीवदया खात्यातून भाकरी घालण्याचा उपक्रम चालू राहावाच. त्याबरोबर एक सूचना विश्वस्तांपुढे ठेवतो. येत्या पर्युषणापूर्वी युवक मंडळाने प्रत्येक दुकान व आखाड्यावरील कुत्र्याची साखळी पाहावी, आखूड असेल तेथे लांब दोरी व रुंद कापडी पट्टा द्यावा. पट्ट्यांसाठी लागणारे कापड माझ्या दुकानातून मिळेल.

जय जिनेंद्र.