सामरीचें दुसरें येणें



अरुणावतीच्या काठच्या आमच्या आर्णीला भुतांचें वावडें कधींच नव्हतें. चिंचेवरचा मुंजा आणि ओढ्यावरची हडळ हीं आजीच्या गोष्टींतलीं नेहमींचीं मंडळी. त्यामुळें पडद्यावरच्या भुताची परीक्षा आम्ही अंमळ कडकच घेत असूं. तींत १९८४ सालचा ‘पुराना मंदिर’ उतरला आणि १९८५ सालचा ‘सामरी’ नापास झाला.

दोन्ही चित्रपट रामसे बंधूंचे. यांच्या वडिलांचें कराचीस रेडिओचें दुकान होतें. फाळणीनंतर हें कुटुंब मुंबईस आलें. सात भावांनीं कामें वांटून घेतलीं होतीं. कोणी लिहीत असे, कोणी कॅमेरा धरीत असे, आणि दिग्दर्शन तुलसी व श्याम यांचें. ‘पुराना मंदिर’मध्यें सामरीचें शिर पेटींत आणि धड दुसरीकडे. मधला बराच वेळ तो दिसत नाहीं. भीति वाटते ती त्या पेटीची.

‘सामरी’मध्यें नांव तेंच, धिप्पाड नटहि तोच, अनिरुद्ध अगरवाल, कथा मात्र निराळी. संपत्तीसाठीं मारलेला एक म्हातारा मांत्रिक सूड घ्यावयास उठतो, एवढीच. भर होता तो त्रिमितीवर. १९८४ सालीं ‘माय डिअर कुट्टिचात्तन’ या मल्याळी चित्रपटानें लोकांना चष्मे लावून वेडें केलें होतें. पण तो होता मुलांचा खेळ. येथें प्रकार उलटा. दोन डोळ्यांना दोन चित्रें द्यावयाचीं म्हणजे चष्म्यांतून उजेड निम्माहि पोंचत नाहीं; म्हणून दृश्य उजळ घ्यावें लागतें. आणि अंधार हेंच तर भयपटाचें भांडवल! शिवाय दर थोड्या वेळानें कांहीं तरी प्रेक्षकाच्या अंगावर फेकावयाचें, तेवढा वेळ कथा खोळंबलेली.

राहिली परिनिरीक्षणाची कात्री. चित्रपटाची पूर्वतपासणी वैध आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें अब्बास खटल्यांत १९७० सालींच ठरविलें होतें, आणि रामसे मंडळींचा त्या कात्रीशीं नित्याचा संबंध. ऐन प्रसंगीं दृश्य तुटलें कीं भीतीचें हंसें होतें, हें खरें. तथापि सारा दोष तिच्यावर घालणें मला पटत नाहीं. तीच कात्री ‘पुराना मंदिर’लाहि होती.

आमच्या गांवच्या तंबूवाल्यानें मात्र पहिल्या सामरीच्या भरंवशावर दुसऱ्यासाठीं पत्नीच्या पाटल्या गहाण टाकल्या. चष्मे आणले, त्यांची अनामत ठरविली. पण अशा खेळास रुपेरी लेपाचा पडदा लागतो. साध्या कापडावर दोन्ही प्रतिमा एकमेकींत मिसळतात. याचा पडदा होता धुतलेल्या मांजरपाटाचा. सामरी एकाऐवजीं दोन दिसूं लागले आणि तंबूभर हंशा पिकला. तिसऱ्या रात्रीं बाकांवर आम्ही सहा जण होतों. खेळ संपल्यावर तो कंदिलापाशीं बसून एकेक चष्मा पुसून मोजीत होता. मान वर करीना.

पुढच्या आठवड्यांत त्यानें ‘पुराना मंदिर’ची जुनी, ओरखडलेली प्रत आणली. तंबू भरला. पाटल्या सुटावयास मात्र दुसरी दिवाळी उजाडली.