ठशावांचून छपाई

छपाईच्या कलेचें सारें मर्म पूर्वीं 'ठसा' ह्या एका शब्दांत सांठविलेलें होतें. लांकडाचा ठसा असो, शिशाचे खिळे असोत, कीं गणपत कृष्णाजींनीं १८३१ सालीं मुंबईस जिच्यावरून मराठी पंचांग छापलें ती शिळा असो. मूळ आकृति एकदां सिद्ध करावयाची आणि मग तिच्या शेंकडों प्रती काढावयाच्या, हा नियम सर्वत्र सारखाच होता. पहिली प्रत आणि हजारावी प्रत ह्यांत भेद नसावा, हेंच मुद्रणाचें भूषण मानलें जाई. गेल्या साठ वर्षांत मात्र अशी एक छपाई पुढें आली आहे कीं, तिला ठसा लागत नाहीं, दाब लागत नाहीं, आणि तिची प्रत्येक प्रत निराळी असूं शकते. ती शाईचे सूक्ष्म थेंब नेमक्या जागीं फेंकते. तिचें नांव 'इंकजेट'. घरांतील लहान छापयंत्रामुळें हें नांव परिचयाचें झालें असलें, तरी तिचा खरा पराक्रम कारखान्यांत पाहावयास मिळतो.

ह्या यंत्राचें मूळ तत्त्व साधें आहे. नळाची बारीक धार थोडें अंतर गेल्यावर तुटते व तिचे थेंब होतात, हें स्वयंपाकघरांत कोणासहि दिसतें. धार अशी कां तुटते, ह्याची गणिती उपपत्ति लॉर्ड रॅले ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १८७८ च्या सुमारास मांडली. पुढें १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत रिचर्ड स्वीट ह्यांनीं ह्या तत्त्वास विजेची जोड दिली. केसासारख्या बारीक छिद्रांतून शाई दाबानें बाहेर काढावयाची. त्या धारेस कंप देऊन सेकंदाला लाखाच्या घरांत सारख्या आकाराचे थेंब पाडावयाचे. हवे त्या थेंबांवर विद्युत्भार चढवावयाचा, आणि भारित पट्ट्यांमधून जातांना त्यांना वांकवून इच्छित ठिकाणीं पाडावयाचें. ज्या थेंबांचें काम नाहीं ते सरळ एका पन्हळींत जातात आणि ती शाई पुन्हां वापरांत येते. ह्या तत्त्वावरील यंत्र १९६८ सालीं ए. बी. डिक ह्या अमेरिकन कंपनीनें बाजारांत आणलें.

यंत्राचें तोंड वस्तूस स्पर्श करीत नाहीं, ह्यांतच त्याच्या उपयुक्ततेचें बीज आहे. पट्ट्यावरून धांवणारी बाटली, डब्याचा खोलगट तळ, दुधाची मऊ पिशवी, किंबहुना अंड्याचें नाजूक कवच, ह्यांवर ठसा उमटविणें कठीण. परंतु थेंब तेथें सहज पडतो. शिवाय अक्षरें गणकयंत्राच्या आज्ञेनें बनत असल्यामुळें एका वस्तूवर एक आंकडा आणि लगेच पुढच्या वस्तूवर दुसरा, असा बदल काम न थांबवितां करतां येतो.

हीच युक्ति मोठ्या प्रमाणावर योजिली म्हणजे हजारों छिद्रांची एक रांग कागदाच्या सबंध रुंदीवर बसवितात. अशा यंत्राखालून कागदाचें भेंडोळें मिनिटाला २०० मीटर, म्हणजे तासाला १२ किलोमीटर वेगानें जाऊं शकतें. प्रत्येक ग्राहकाचें निराळें देयक, किंवा एखाद्या पुस्तकाच्या मोजक्याच प्रती, हें काम त्यामुळें परवडूं लागलें. कापडाच्या छपाईंत प्रत्येक रंगासाठीं निराळी जाळी करावी लागे; तो खटाटोप टळून थोड्या वारांचें कापडहि नव्या नमुन्यांत निघूं लागलें. स्पेनमधील कास्तेयोन आणि गुजराथेंतील मोरबी ह्या फरशांच्या केंद्रांत कच्च्या फरशीवर खनिज रंगांचे थेंब टाकून ती भट्टींत हजार अंशांहून अधिक उष्णतेंत भाजतात. रूळाच्या दाबानें कच्ची फरशी तडकण्याचें भय तेथें उरलेलें नाहीं.

असें असलें तरी जुन्या छापखान्याची सद्दी संपली, असें मात्र नव्हे. एकाच मजकुराच्या लाखों प्रती काढावयाच्या असल्या तर पत्र्याच्या ठशाची ऑफसेट छपाईच अद्याप स्वस्त पडते. थेंबांची शाई महाग असते, ती वाळविण्यास उष्णता खर्चावी लागते, आणि एक छिद्र बुजलें तरी सबंध कागदावर पांढरी रेघ उमटते.

परंतु गृहस्थाच्या दृष्टीनें महत्त्वाचा प्रश्न खर्चाचा नसून विश्वासाचा आहे. भारतांत वेष्टित मालावर किंमत व तयार झाल्याचा महिना छापणें २०११ च्या नियमांनीं बंधनकारक आहे. औषधावर गटाचा क्रमांक आणि मुदतीची तारीख लागते. आणि १ ऑगस्ट २०२३ पासून तीनशें प्रमुख औषधांवर यंत्रानें वाचावयाचें चौकोनी चिन्हहि आवश्यक झालें आहे. एखाद्या गटांत दोष आढळला तर तेवढाच गट बाजारांतून परत मागवितां यावा, हा त्या क्रमांकाचा हेतु. तो पुसट असेल, तर निर्दोष औषधाबरोबर सदोष औषधहि कपाटांत पडून राहील.

येथेंच ह्या छपाईची दुर्बळ बाजू दिसते. चकचकीत वेष्टनावरील अशी शाई पुष्कळदां द्रावकाच्या बोळ्यानें पुसतां येते, आणि पुसल्या जागीं नवी तारीख टाकण्यास ठसा कोरावा लागत नाहीं. यंत्राला खरें-खोटें कळत नाहीं. सांगितली ती तारीख तें त्याच वेगानें छापतें. म्हणून औषधाची पट्टी वा दुधाची पिशवी हातीं येतांच त्या बारीक टिंबांच्या ओळीवर नजर टाकण्याची संवय घरोघर लागली पाहिजे. अक्षरें खरवडलेलीं दिसलीं, किंवा एकावर एक दोन तारखा आढळल्या, तर तो माल परत करावा. पट्टी कापतांना क्रमांकाचा भाग शेवटपर्यंत राखून ठेवावा. शास्त्रानें एकेका वस्तूस तिची स्वतंत्र ओळख दिली. ती वाचून घेणें हें घरच्या माणसांचें काम आहे.